वहिनींना कुत्र्याची ॲलर्जी, आणि वहिनीच म्हणतात त्याला पाठवू नका

मंगळवारपेठी_धाकटा

राम राम मंडळी. विषय घरगुती आहे आणि जरा लांबणार आहे, पण अर्धवट सांगितलं की उत्तरंही अर्धवट येतात, म्हणून सगळं लिहितो.

आमचं घर कोल्हापुरात, मंगळवार पेठेत. पुढं जुनं मातीच्या भिंतींचं, मागं बाबांनी घातलेला स्लॅब. खाली सोपा, माजघर, स्वयंपाकघर, वर माडीवर दोन खोल्या. आई, बाबा, दादा, मी आणि पैलवान. पैलवान म्हणजे आमचं कुत्रं. पिल्लू असताना गल्लीतल्या तालमीच्या दारात भिजून बसलेलं सापडलं, नाव तिथल्या पोरांनीच ठेवलं. तांबूस रंग, लांब पाय, निमुळतं तोंड. कोण म्हणतं पश्मी या शिकारी जातीचा अंश आहे, मला विचाराल तर अस्सल गावठी. रात्री सोप्यात झोपतो, दिवसा माडीवर. दादाच्या खोलीतला पलंग ही त्याची दुपारची जागा, लग्नाच्या आधीपासून.

मे महिन्यात दादाचं लग्न झालं. वहिनी गडहिंग्लजकडच्या. माहेरी म्हशी आहेत, कोंबड्या आहेत, कुत्रंही आहे, पण ते गोठ्यात. घरात कुत्रं ही पद्धत नाही. इथं आल्यावर थोड्याच दिवसांत सुरू झालं. सकाळी उठल्या की शिंकांवर शिंका, नाक चोंदलेलं, डोळे लाल, टाळूला आतनं खाज. पैलवानानं हात चाटला की तिथं गांधी उठतात, हे मी स्वतः बघितलंय. डॉक्टरांनी सेटिरिझिन दिली. ती घेतली की बरं वाटतं, पण दिवसभर पेंग येते म्हणतात.

आषाढात रीतीप्रमाणं वहिनी माहेरी गेल्या, तर तिकडं चार दिवसांत ठणठणीत. परत आल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शिंका हजर. आईनं तिथल्या तिथं निकाल लावला, कुत्र्याचंच आहे हे. आता तिचं म्हणणं, पैलवानाला कागलला मामाच्या शेतावर पाठवायचं. निदान आठ दिवस पाठवून बघू, फरक पडला तर तिकडंच राहू दे. बाबा पेपरमधनं तोंड वर काढत नाहीत. दादा आईसमोर 'हो' म्हणतो आणि माझ्यासमोर 'बघू' म्हणतो.

आणि वहिनी म्हणायल्यात पाठवू नका. "मी आले आणि कुत्रं गेलं असं गल्लीभर होईल. जन्मभर ते ऐकायची माझी तयारी नाही," हे त्यांचे शब्द. वर त्यांना तो आवडतोय पण. मी शिरोलीला मशीन शॉपमध्ये आहे, शिफ्टची ड्युटी. मी नसताना त्याला भाकरीचा तुकडा कोण टाकतं हे मला ठाऊक आहे.

तर, घरात ॲलर्जीचं माणूस असताना कुत्रं ठेवून कुणी निभावलंय का? काय केलंत? मामाकडं आठ दिवस पाठवून खरंच काही कळेल का? आणि एक मित्र म्हणतोय सगळे केस भादरून टाक, प्रश्न मिटला. त्यात तथ्य आहे काय?

कळंब्याचा_भावा

भावा, टेन्शन घेऊ नको. पूडल नाहीतर शिह त्झू आण. त्या जातींची ॲलर्जीच होत नाही, केस गळत नाहीत त्यांचे. आणि पैलवान शेतावर मजेत राहील. मोकळं रान, ताजी हवा, नाद खुळा!

राजारामपुरी_मावशी

कळंब्याच्या भावाचं आधी खोडून काढते, म्हणजे पुढं बोलता येईल. माझी शाळेत विज्ञान शिकवण्यात हयात गेली, तेव्हा खडूचा सूर आला तर चालवून घ्या.

ॲलर्जी केसांची नसतेच. कुत्र्याच्या लाळेत, कातडीच्या कोंड्यात आणि मूत्रात काही प्रथिनं असतात, त्यांची असते. त्यातलं मुख्य 'कॅन एफ १' या नावानं ओळखतात. लाळेतलं प्रथिन अंग चाटताना केसांवर वाळतं, कोंड्याबरोबर हवेत उडतं. केस हे नुसतं वाहन. त्यामुळं भादरून काही होणार नाही, पावसाळ्यात बिचारा गारठेल तेवढंच. आणि कोंडा नसलेली, लाळ नसलेली जात अजून कुणी काढलेली नाही. 'ॲलर्जी न करणाऱ्या' म्हणून विकल्या जाणाऱ्या जातींच्या घरांतली धूळ संशोधकांनी तपासली आहे. तिच्यात हे प्रथिन इतर कुत्र्यांच्या घरांपेक्षा कमी आढळलं नाही. पूडलचा भाव मात्र जास्त असतो.

आता तुझ्या घराकडं. तुझ्या आईनं आषाढावरून निष्कर्ष काढला. निरीक्षण चांगलं आहे, पण माहेरी जाताना वहिनीनं एकट्या पैलवानालाच मागं ठेवलं का? तिनं पलंगही मागं ठेवला, गादी-उशी ठेवली, माडीची खोली ठेवली, मातीच्या भिंतीची ओल ठेवली. एका वेळी इतक्या गोष्टी बदलल्यावर त्यातल्या एकीवर बोट ठेवता येत नाही. नववीच्या पोरालाही मी याचे गुण दिले नसते.

तुझ्याच लिहिण्यातली एक गोष्ट मला खटकते. शिंका 'सकाळी उठल्या की'. रात्री पैलवान तर सोप्यात असतो. मग रात्रभर नाकाशी काय होतं? गादी. धुळीतले किडे, डस्ट माइट म्हणतात ते, डोळ्यांना दिसत नाहीत. माणसाच्या कातडीचा भुगा खातात आणि पाणी पीत नाहीत, हवेतला दमटपणाच शोषून घेतात. हवेतली आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या वर राहिली की त्यांचं फावतं. कोल्हापुरात जूनपासून सप्टेंबरपर्यंत दोरीवरचा टॉवेल वाळत नाही, म्हणजे त्यांचा चातुर्मास कसा जात असेल बघ. गादी कापसाची आहे का? किती जुनी? अंगावर वाकळ घेतात का? हे आधी सांग.

पण याचा अर्थ पैलवान सुटला असा नाही. चाटल्यावर गांधी उठतात, हा पुरावा त्याच्या विरोधातच जातो. आणि दुपारी तो त्याच पलंगावर लोळतो. म्हणजे एकाच गादीवर दोन संशयित. असं दोन्ही एकत्र असणं अजिबात दुर्मीळ नाही.

मामाकडं आठ दिवस पाठवण्याचं म्हणशील तर, त्यातून काही कळणार नाही. कुत्रं गेलं तरी त्याचा कोंडा गादीत, सोफ्यात, पडद्यात, भिंतीवर राहतो. नीट साफसफाई केली नाही तर महिनोन्महिने राहतो. आठ दिवसांत फरक पडला नाही म्हणजे कुत्र्याचं नव्हतं असं नाही, आणि नेमका त्याच आठवड्यात पाऊस उघडून बरं वाटलं तर आई म्हणणार, बघ, सांगितलं होतं. मधल्या मध्ये कुत्र्याचा फुटबॉल.

म्हणून आधी चाचणी करून घ्या. त्वचेवरची. हाताच्या आतल्या बाजूला वेगवेगळ्या ॲलर्जींच्या द्रावणांचे थेंब ठेवतात, प्रत्येकावर बारीक टोचतात आणि पंधरा-वीस मिनिटांनी बघतात. ज्याची ॲलर्जी असेल तिथं डास चावल्यासारखा फुगवटा येतो. नुसत्या सलाइनच्या थेंबापेक्षा तो किमान ३ मिलिमीटर मोठा असला तर मोजतात. रक्त काढायचं नाही, भूल नाही. पण सेटिरिझिन आणि त्या जातीच्या सगळ्या गोळ्या आधी साधारण आठवडाभर बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर फुगवटा उठतच नाही आणि सगळं कोरं येतं. सर्दी-खोकल्याच्या तयार औषधांतही तसलं औषध लपलेलं असतं, तेही डॉक्टरांना दाखवा. नाकातला स्टिरॉइडचा स्प्रे बहुतेक चालतो. चाचणी छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं, ज्यांच्याकडं सोय आहे त्यांच्याकडं करा.

निभावण्याबद्दल विचारलंस. आमच्या यजमानांना कुत्र्याशिवाय करमायचं नाही आणि मला कुत्र्यापायी श्वास पुरायचा नाही, अशी जोडी. एकामागून एक तीन कुत्री झाली आमच्या घरात. नियम एकच होता आणि त्यात सवलत नव्हती: झोपायच्या खोलीत कुत्रं नाही. दार बंद. पावसात भिजलेलं असो, दिवाळीत फटाक्यांना भ्यालेलं असो, नाही म्हणजे नाही. दिवसातला तिसरा हिस्सा माणूस तिथं नाक गादीला लावून असतो. ती एक खोली वाचवली तर उरलेल्या घरात तडजोड जमते. ती गेली तर बाकी सगळी धुणीपुसणी वाया.

बाकीची कामं यजमानांची. कुत्र्याचं अंथरूण धुणं, अंगणात नेऊन ब्रश करणं, फिरवून आल्यावर शर्ट बदलणं. घरात मी केरसुणी फिरवू दिली नाही, कारण ती धूळ काढत नाही, उडवते. ओल्या फडक्यानं पुसायचं, आणि पुसणारी मी नसायची. सोफ्याला धुता येतील असे अभ्रे. हे सगळं ज्याचं कुत्रं त्यानं करायचं. आता तू शिफ्ट करतोस, पण हा मुद्दा सोडू नकोस. नाहीतर ॲलर्जी वहिनीची, कुत्रं दिराचं आणि फडकं परत वहिनीच्याच हातात.

बावडेकर

मावशींनी सविस्तर लिहिलंय. दुसरी बाजू मी सांगतो.

माझ्या मुलीला दमा. आमच्याकडं लॅब्राडोर होता. खोली वेगळी केली, हवा शुद्ध करणारं यंत्र आणलं, आंघोळी घातल्या, औषधं नियमित. तरी रात्री उठून बसायची, छातीत शीळ वाजायची. इन्हेलर वाढत गेला. शेवटी कुत्रं मेहुण्याकडं दिलं. त्याच्या घरी सगळ्यांना लळा होता म्हणून दिलं, कुठंतरी सोडलं नाही. मुलगी लगेच सुधारली नाही, घर साफ होऊन फरक दिसायला बरेच महिने गेले. पण सुधारली.

तेव्हा वहिनींचं नुसतं नाक आहे का छाती पण, हे आधी बघा. रात्री खोकल्यानं जाग येते का? जिना चढताना धाप? श्वासात घरघर? असेल तर फुफ्फुसाची फुंकायची चाचणी करून घ्या आणि डॉक्टर कुत्रं हलवा म्हणाले तर गल्ली काय म्हणेल ते बघू नका. नाकाचा त्रास असेल तर वेळ आहे, मावशींच्या वाटेनं जाऊन बघा.

जयसिंगपूर_पशुवैद्य

धंद्यानं जनावरांचा डॉक्टर, म्हणून फक्त पैलवानाच्या बाजूचं बोलतो. माणसाचं माणसाच्या डॉक्टरांना विचारा.

आंघोळीनं अंगावरचं प्रथिन कमी होतं हे खरं, पण दोन-चार दिवसांत पुन्हा पहिल्यासारखं होतं. म्हणजे उपयोग हवा तर आठवड्यातनं दोनदा घालावी लागेल. श्रावणात आठवड्यातनं दोनदा भिजलेलं कुत्रं सुकवणार कुठं? ओलं राहिलं की बुरशी, खरूज, खाज. कातडी बिघडली की कोंडा वाढतो, मग उलटंच. या दिवसांत रोज ओल्या सुती कापडानं पुसून लगेच कोरडं करा. पाऊस उघडला की आंघोळ वाढवा. शाम्पू कुत्र्याचाच. माणसाचा साबण, शिकेकाई, डेटॉल यातलं काही नको.

कोंडा जास्त पडत असेल तर नुसता ॲलर्जीचा प्रश्न समजू नका. पिसवा, गोचीड, बुरशी, कधी खाण्यातली कमतरता. एकदा कातडी तपासून घ्या. घरातलं बरंच ओझं तिथंच हलकं होतं.

शेतावर पाठवण्याबद्दल: सोप्यात वाढलेलं कुत्रं अनोळखी गोठ्यात बांधलं की दोनातलं एक होतं. खाणं सोडतं नाहीतर दावं तोडतं. आणि आठ दिवसांनी येताना गोचीड घेऊन येतं, ते वेगळंच. कायमचं द्यायचं असेल तर माणसं बघून द्या, जागा बघून नको.

एक विचारतो. पैलवान नर आहे हे नावावरून कळलं. नसबंदी झालीय का? नर कुत्र्याच्या प्रोस्टेट ग्रंथीत 'कॅन एफ ५' नावाचं आणखी एक प्रथिन तयार होतं आणि मूत्रावाटे बाहेर पडतं. काही माणसांना फक्त याचीच ॲलर्जी असते. अशांना मादी कुत्र्याचा त्रास सहसा होत नाही. नसबंदी केल्यावर या प्रथिनाचं प्रमाण उतरतं. ते ओळखायला माणसाच्या रक्ताची वेगळी चाचणी असते, स्वस्त नसते. तुमच्या वहिनींना चाटल्यावर गांधी येतात, म्हणजे लाळेतलं प्रथिनही असणार, त्यामुळं एवढ्यावर भिस्त ठेवू नका. पण नसबंदी इतर कारणांसाठीही चांगलीच.

मंगळवारपेठी_धाकटा

सगळ्यांचे आभार. मधे बरंच घडलं, म्हणून उशीर.

मावशी, गादी विचारलीत. दादाच्या लहानपणची कापसाची, लग्नाआधी पिंजून परत भरलेली. अंगावर आजीच्या लुगड्यांची वाकळ. पलंग नेमका ओलीच्या भिंतीला चिकटवून. हे आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, तीस वर्षं त्या वाकळेत झोपलेली माणसं मेली का? मी म्हटलं, तीस वर्षं पैलवान नव्हता. तिथनं भांडण वेगळ्याच दिशेला गेलं, ते सोडा.

चाचणी झाली. गोळ्या बंद असतानाचे दिवस वाईट गेले वहिनींचे, पण काढले. सगळ्यात मोठा फुगवटा धुळीतल्या किड्यांचा. कुत्र्याचाही आला, त्याहून लहान पण चांगला दिसण्याइतका. गाजर गवताचा थोडा. झुरळाचा नाही. फुंकायची चाचणी नॉर्मल, म्हणजे छाती सध्या ठीक. डॉक्टरांनी समजावलं की फुगवटा किती मोठा यावरून त्रास किती हे थेट ठरत नाही, तो लक्षणांशी जुळवून बघायचा असतो. आणि दोन-तीन ॲलर्जी एकत्र असल्या की एकट्या कुत्र्याला घालवून नाक उघडेल असं नाही, पण कुत्र्याचा भार कमी करावाच लागेल. रोजचा नाकातला स्प्रे दिला. पेंग न आणणारी गोळी लागेल तशी.

आईचा चेहरा बघण्यासारखा होता. 'म्हणजे माझ्या घरात किडे?' असं तिनं डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, काकू, माझ्याही घरात आहेत. मग जरा निवळली.

आता माडी पैलवानाला बंद. जिन्याच्या तोंडाला मी कंपनीतल्या पत्र्याच्या तुकड्यांचं फाटक वेल्ड करून बसवलंय. पहिल्या रात्री त्यानं सगळ्या गल्लीला ऐकवलं. गादी बदलली. पलंग भिंतीपासून पुढं ओढला. वाकळ फेकायला आई तयार नाही, तिच्या आईच्या हातची आहे, मलाही पटलं नाही. काय करू तिचं? आणि हवा शुद्ध करणारं यंत्र घ्यावं का? दादा तयार आहे पैसे घालायला.

डॉक्टरसाहेब, नसबंदी झालेली नाही. मी घरात विषय काढला. बाबा पहिल्यांदा पेपर खाली ठेवून बोलले, "पैलवानाचं असलं काही करायचं नाही."

जयसिंगपूर_पशुवैद्य

बाबांना सांगा, पैलवानकीसाठीच ब्रह्मचर्य पाळतात. शस्त्रक्रिया साधी असते, टाके सुकेपर्यंत जपायचं, म्हणून पाऊस सरल्यावर करा. ॲलर्जीवर फरक पडेल याची हमी देत नाही, पुन्हा सांगतो.

राजारामपुरी_मावशी

फाटक केलंस हे उत्तम.

वाकळेला वाफ धरेल अशा कडक पाण्यात भिजवायची. साठ अंशाच्या आसपास पाणी लागतं, पंचावन्नच्या खाली हे किडे सगळे मरत नाहीत. गिझरचं कोमट पाणी कामाचं नाही, बंब असेल तर तोच पेटवा. चादरी, अभ्रे आठवड्याला असेच. पण एवढी जड वाकळ या हवेत सुकायची नाही आणि अर्धवट सुकलेली वाकळ पहिल्यापेक्षा वाईट. म्हणून आता ती प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेव, आणि ऑक्टोबरच्या उन्हात धुऊन चांगली कडकडीत वाळव. तोवर वहिनीला हलकी, धुता येणारी सोलापुरी चादर दे. गादी-उशीला चेन असलेल्या घट्ट विणीच्या खोळी मिळतात. नुसत्या खोळी घालून हात झटकले तर मात्र फारसं साधत नाही. खोळ, धुणं, ओल कमी करणं, सगळं मिळून चालतं.

यंत्राचं. हेपा गाळणी असेल तरच घे, ती ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडवते. पण कशासाठी घेतोय ते समजून घे. कुत्र्याचा कोंडा हलका, तासन् तास हवेत तरंगतो, त्यावर यंत्र चालतं. धुळीतल्या किड्यांचे कण जड असतात, गादी झटकली तरच उडतात आणि लगेच खाली बसतात. म्हणजे तुमच्या मोठ्या फुगवट्यावर यंत्राचा उपयोग कमी. आधी खोळी आणि भिंतीची ओल यावर पैसे घाल, उरले तर यंत्र. ओल येते कुठून ते बघ. बहुतेक वेळा वरच्या कौलाची नाहीतर पन्हाळीची भानगड असते. आणि त्या खोलीत कपडे वाळत घालू नका, कोल्हापुरात पावसाळ्यात सगळे तेच करतात.

स्प्रेबद्दल एक. चार दिवस मारून 'काही होत नाही' म्हणून सोडून देणारे फार. त्याचा पूर्ण परिणाम यायला आठवडा-दोन आठवडे लागतात. आणि मारताना मधल्या पडद्याकडं नाही, बाहेरच्या बाजूला, कानाच्या दिशेनं. उजव्या नाकपुडीला डावा हात वापरला की आपोआप तसं होतं. पडद्यावर मारला की रक्त येतं आणि मग लोक स्टिरॉइडच्या नावानं बोंब मारतात.

आणि हे थोडं आगाऊपणाचं आहे, पण कुणीतरी सांगायला हवं. पुढं लस घ्यायचा विषय निघेल, ॲलर्जीच्या पदार्थाचे वाढत जाणारे डोस देतात ती. तीन ते पाच वर्षं चालते. धुळीच्या किड्यांसाठी तिचा अनुभव चांगला आहे, कुत्र्यासाठी तितका भरवशाचा नाही. पण गरोदरपणात ती नव्यानं सुरू करत नाहीत. नवीन लग्न आहे, तेव्हा दोघांनी मिळून डॉक्टरांशी मोकळेपणानं बोलायचं, सासूबाईंच्या समोर नको.

मंगळवारपेठी_धाकटा

नमस्कार, मी यांची वहिनी. भावोजींचा फोन घेऊन लिहितेय, त्यांना माहीत आहे.

माझ्या नाकावर इतकी माणसं इतकी चर्चा करतील असं वाटलं नव्हतं. मावशी, शेवटचा परिच्छेद त्यांनी मला वाचून दाखवायच्या आधी फोन माझ्याकडं देऊन खाली गेले, एवढी अक्कल आहे त्यांना. बोलू आम्ही.

त्रास गेलेला नाही. कमी आहे. सकाळच्या शिंका थांबल्यात म्हणण्याइतक्या कमी झाल्या, पण सोप्यात जास्त वेळ बसलं की डोळे चुरचुरतात. आई अजून दिवसातनं एकदा कागलचं नाव काढतात, पण आता ते सवयीनं.

मला विचारायचं होतं ते हे. भावोजींची रात्रपाळी लागली की संध्याकाळी पैलवानाला फिरवायला कुणी नसतं. बाबांचे गुडघे दुखतात. मी नेलं तर चालेल का? रंकाळ्यापर्यंत, जवळच आहे. उघड्यावर त्रास होतो का? आणि तो चाटायला येतो तेव्हा त्याला रागवायला मला जमत नाही.

राजारामपुरी_मावशी

ने की. उघड्यावर वाऱ्यानं कोंडा पांगतो, घरातल्यापेक्षा त्रास बराच कमी होतो. साखळी धरायला पातळ हातमोजे घाल नाहीतर आल्यावर कोपरापर्यंत साबणानं हात धू, तोवर डोळ्यांना हात लावायचा नाही. ओढणी तोंडावरून घेऊन जाऊ नकोस, तिलाच सगळं चिकटतं आणि मग तीच उशाशी येते. कपडे खालीच बदल, माडीवर न्यायचे नाहीत. रंकाळ्याच्या कडेला गाजर गवत फुलावर असेल तिथं त्याला घुसू देऊ नको, तुझा तोही फुगवटा आलाय आणि त्याच्या अंगावरून परागकण घरात येतात.

चाटण्याचं रागावून होत नाही. तो जवळ आला की 'बस' म्हण आणि बसल्यावर बिस्किटाचा तुकडा टाक, हातातून नाही, जमिनीवर. शिकतात. भाकरीचा तुकडाही तसाच टाकत जा.

जिन्याच्या पाचव्या पायरीवर धाप लागली किंवा रात्री छातीत वाजलं तर मात्र मला विचारत बसू नकोस, सरळ डॉक्टरांकडं जा.

कळंब्याचा_भावा

पूडल कॅन्सल. मावशी, आमच्या आईला पण सकाळी लई शिंका येतात, आणि आमच्याकडं कुत्रंच नाही. गादी बघू काय?

राजारामपुरी_मावशी

गादी बघ, उशी त्याच्याही आधी बघ. किती वर्षांची आहे ते आईलाच विचार. आणि नवीन धागा काढ, इथं पैलवानाचं चाललंय.